मुंबईहून निघालेल्या तीन मोहिमा आणि ‘वहाबी’ नावाचा शब्द

‘वहाबी’ हा शब्द आपल्या मोहल्ल्यांत जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. एका मशिदीचा नमाजी दुसऱ्या मशिदीच्या नमाज्याला वहाबी म्हणतो आणि त्याच्या घरचे लग्नाचे आमंत्रण नाकारतो. वृत्तपत्रांच्या आणि पोलीस खात्याच्या भाषेत याच शब्दाला वेगळी धार येते. तिथे त्याचा अर्थ ‘संशयित’ असा होतो. उर्दू शाळेत शिकवत असल्यामुळे हा शब्द सहावी-सातवीतल्या मुलांच्या तोंडूनही ऐकू येतो. वहाबी म्हणजे कोण, असे विचारले की मुले शेजारच्या गल्लीकडे बोट दाखवतात.

या शब्दाला एक लष्करी इतिहास आहे आणि त्या इतिहासाचे एक मोठे ठाणे आपल्या महाराष्ट्रात, मुंबईत होते, हे फारसे कोणी सांगत नाही. १८०९ ते १८२१ या बारा वर्षांत मुंबई बंदरातून आखाताकडे आणि ओमानकडे तीन मोठ्या मोहिमा गेल्या. त्याच काळात उस्मानी खलिफाच्या नावाने इजिप्तची फौज अरबस्तानात उतरली होती. मस्कतचा इबादी पंथाचा राज्यकर्ता इंग्रजांच्या बाजूने लढत होता. आजच्या भाषेत सांगायचे तर एका कट्टर धार्मिक चळवळीविरुद्धची ती ‘आंतरराष्ट्रीय आघाडी’च होती. फरक एवढाच की या आघाडीतल्या प्रत्येकाचे वैर वेगळे होते, आणि प्रत्येकाने आपापल्या शत्रूला एकच नाव दिले.

आधी त्या चळवळीविषयी. तिला निर्दोष ठरवण्याचा मोह आपल्यापैकी काहींना होतो, म्हणून हे स्पष्ट लिहिले पाहिजे. नज्दमधील दिरईया या गावी १७४४ च्या सुमारास मुहम्मद बिन अब्दुल वहाब हे धर्मसुधारक आणि मुहम्मद बिन सऊद हा स्थानिक सरदार यांच्यात करार झाला. एकाने धर्म सांगायचा, दुसऱ्याने तलवार चालवायची, असे त्या कराराचे स्वरूप होते. तौहीदचा आग्रह, कबरपरस्तीला विरोध, इथपर्यंत त्यात नवे काहीच नव्हते. असे उलेमा इस्लामच्या इतिहासात अनेक होऊन गेले. नवे होते ते तकफीरचे राजकारण. जो मुसलमान आपली व्याख्या मान्य करत नाही तो मुसलमानच नाही, म्हणून त्याचे रक्त आणि माल हलाल, हा विचार इथे राज्य वाढवण्याचे साधन बनला.

१८०२ साली या फौजेने करबला लुटले. हजरत इमाम हुसेन यांच्या दर्ग्यात आणि शहरात जी कत्तल झाली तिचे आकडे दोन हजारांपासून पाच हजारांपर्यंत दिले जातात. सुमारे वर्षभराने लखनौचा मिर्झा अबू तालिब खान युरोपातून परतताना करबल्यात पोचला. हा माणूस लंडन पाहून आलेला, चौकस, फारसीत प्रवासवर्णन लिहिणारा. त्याने तिथे ऐकलेली हकिकत लिहून ठेवली आणि मग तो मुंबईमार्गे कलकत्त्याला गेला. म्हणजे करबल्याची ही कहाणी हिंदुस्थानात इंग्रजांच्या अहवालातूनच आली असे नव्हे, एका हिंदी मुसलमानानेही ती प्रत्यक्ष त्या जागेवरून आणली. पुढे मक्का आणि मदिना या चळवळीच्या हाती गेले. जन्नतुल बकीतले घुमट पाडले गेले. हज यात्रेच्या मार्गांवर उस्मानी सुलतानाचा अधिकार उरला नाही. खलिफाला हे सहन होणे शक्य नव्हते.

आता समुद्राकडे येऊ. आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर रास अल खैमा आणि शारजा, आणि पलीकडच्या इराणी किनाऱ्यावर लिंगे, या बंदरांमध्ये कवासिम (एकवचनी कासिमी) या घराण्याचे वर्चस्व होते. हे दर्यावर्दी आणि व्यापारी लोक. आफ्रिका, आखात आणि हिंदुस्थानचा पश्चिम किनारा यांच्यामधल्या व्यापारात त्यांची गलबते फिरत. मस्कतच्या राज्यकर्त्याशी त्यांचे जुने हाडवैर होते आणि मस्कत कंपनी सरकारचा मित्र होता. हे त्रैराशिक समजले की पुढचे बरेच काही समजते. १८०६ मध्ये कवासिम आणि कंपनी यांच्यात सलोख्याचा करारही झाला होता. मात्र त्यानंतर दोन-तीन वर्षांत ‘सिल्फ’ आणि ‘मिनर्व्हा’ यांसारखी जहाजे पकडली गेली, माणसे मारली गेली आणि मुंबईत संतापाची लाट उसळली. याच सुमारास दिरईयाच्या अमीराने कवासिमांवर आपला अंमल बसवला. त्यांचा शेख सुलतान बिन सक्र याला बाजूला सारले आणि लुटीतला वाटा दिरईयाला जाऊ लागला. कवासिम वहाबी झाले ते श्रद्धेने किती आणि धाकाने किती, यावर आजही वाद आहे. मला तरी दोन्ही होते असे वाटते. वाळवंटातला प्रबळ शेजारी दारात उभा असताना समुद्रावरच्या लहान सत्तेला ‘मी तुझ्या जमातीत नाही’ म्हणण्याची सोय नसते.

१८०९ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईहून पहिली मोहीम निघाली. आरमाराचा प्रमुख कॅप्टन वेनराइट, लष्कराचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल लायोनेल स्मिथ. हे दुसरे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. १३ नोव्हेंबरला रास अल खैमावर हल्ला झाला, शहराला आग लावली गेली, बंदरातली पन्नासहून अधिक गलबते जाळली गेली. मग लिंगे, केश्म बेटावरचे लाफ्त, आणि शेवटी मस्कतच्या सय्यद सईदसाठी शिनास. गंमत अशी, की या मोहिमेला मुंबई सरकारची सक्त ताकीद होती: जमिनीवर वहाबी अमीराशी झगडा होऊ द्यायचा नाही. कंपनीला समुद्र हवा होता, वाळवंट नको होते. आणि अमीर सऊदनेही नंतर इंग्रजांना कळवले ते याच सुरात. आपले वैर आहे ते मार्ग सोडलेल्या मुसलमानांशी, ख्रिस्ती लोकांशी नाही, अशा आशयाचे ते पत्र होते. ते पत्र मला या साऱ्या इतिहासाची किल्ली वाटते. ज्या चळवळीला पुढे ‘ख्रिस्ती जगाविरुद्धचा जिहाद’ म्हणून रंगवले गेले, तिची तलवार स्वतःच्याच शब्दांत मुसलमानांवर रोखलेली होती.

मधल्या दहा वर्षांत दोन मोठ्या घटना घडल्या, एक अरबस्तानात आणि एक आपल्याकडे. अरबस्तानात १८११ पासून इजिप्तचा वाली मुहम्मद अली पाशा याने सुलतानाच्या आज्ञेवरून फौज पाठवली. त्याचा मुलगा तुसून याने मदिना आणि मक्का परत घेतले. दुसरा मुलगा इब्राहिम पाशा थेट नज्दमध्ये घुसला आणि सुमारे सहा महिन्यांच्या वेढ्यानंतर सप्टेंबर १८१८ मध्ये दिरईया पडले. अमीर अब्दुल्ला बिन सऊदला इस्तंबूलला नेऊन त्याचा शिरच्छेद करण्यात आला. दिरईया उद्ध्वस्त करण्यात आले, खजुराची झाडेसुद्धा तोडली गेली. म्हणजे कट्टर चळवळीचा कणा मोडला तो सुन्नी खलिफाच्या फौजेने. इंग्रजांचा त्यात हात नव्हता. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे, कारण आपल्याकडच्या दोन्ही प्रकारच्या लोकांना ते अडचणीचे आहे. ‘मुसलमान कट्टरांविरुद्ध कधी उभे राहत नाहीत’ म्हणणाऱ्यांनाही, आणि ‘हे सारे इंग्रजांचे कारस्थान’ म्हणणाऱ्यांनाही.

आपल्याकडे याच काळात मराठी राज्य बुडाले. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. आमचा गोंदिया तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात होता. पुढे तो भंडारा जिल्ह्यात गेला आणि १९९९ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या स्वाधीन झाल्यावरही नागपूर शहर लगेच पडले नाही. भोसल्यांच्या चाकरीतले अरब शिपाई वाड्यात ठाण मांडून बसले. डिसेंबरातला इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवला आणि महिनाअखेर अटी ठरवून, बायकामुलांसह सुरक्षित वाट मिळवून ते बाहेर पडले. मालेगावचा किल्लाही १८१८ च्या मे-जूनमध्ये अरबांनीच लढवला. याच वर्षी आमच्या जिल्ह्यातल्या कामठा इथे चिमणा पटेलाने बंड केले आणि तिथला किल्ला इंग्रजांनी घेतला. या अरबांना कोणी वहाबी म्हटले नाही. ते पगारी शिपाई होते, धन्याच्या मिठाला जागले, एवढेच. पण दख्खनमध्ये हत्यारबंद अरब उरू द्यायचा नाही, हे इंग्रजी धोरण तेव्हाच पक्के झाले आणि कित्येकांना जहाजात बसवून मायदेशी धाडण्यात आले.

मराठी राज्य बुडाल्यामुळे मुंबई लष्कर मोकळे झाले. याचा आखाताशी थेट संबंध आहे. १८१९ च्या मोहिमेचा सेनापती सर विल्यम ग्रँट कीर याने त्याच वर्षी फेब्रुवारीत सावंतवाडी संस्थानावर चाल करून रेडीचा किल्ला घेतला होता, नंतर कच्छमध्ये भूजवर स्वारी केली होती, आणि नोव्हेंबरात तो आखाताकडे निघाला. आणि तो लायोनेल स्मिथ? २० फेब्रुवारी १८१८ रोजी अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले, साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले, त्या लढाईत इंग्रजी फौजेचे नेतृत्व याच स्मिथचे होते. शाळेच्या इतिहासात अष्टी आहे, रेडी एखाद्या ओळीत आहे, रास अल खैमा कुठेच नाही. पण तेच सेनापती, तेच लष्कर आणि तेच बंदर होते.

इब्राहिम पाशाच्या विजयाची वार्ता मुंबईला आली तेव्हा सरकारने कॅप्टन जॉर्ज सॅडलियर याला त्याच्याकडे धाडले. सोबत अभिनंदनाचे पत्र, मानाची तलवार आणि रास अल खैमावर दोघांनी मिळून चाल करण्याचा प्रस्ताव. सॅडलियर जून १८१९ मध्ये कतीफला उतरला तर पाशा माघारी वळलेला. त्याच्यामागे धावता धावता या बिचाऱ्याने दिरईयाचे ताजे अवशेष पाहिले, सारे अरबस्तान पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडले आणि मदिनेजवळ पाशाची गाठ घेतली. असे करणारा तो पहिला युरोपीय म्हणून त्याचे नाव राहिले, काम मात्र झाले नाही. पाशाला इंग्रजांच्या समुद्रावरच्या भांडणात रस नव्हता. सॅडलियरची रोजनिशी १८६६ मध्ये मुंबईच्या भायखळ्यात छापली गेली. अरबस्तानाविषयी तक्रारींनी भरलेले इतके वैतागलेले पुस्तक क्वचितच असेल.

पाशाविनाच मोहीम निघाली. सुमारे तीन हजार सैन्य, दोन गोऱ्या पलटणी आणि बाकी मुंबई लष्कराचे देशी शिपाई. या लष्करात कोकणातले आणि देशावरचे मराठे, महार, मुसलमान, बेने इस्रायली असे सगळे असत. मस्कतचा सय्यद सईद आपली जहाजे आणि माणसे घेऊन सामील झाला. ९ डिसेंबर १८१९ रोजी रास अल खैमा पडले. तोपर्यंत दिरईया पडून वर्ष उलटून गेले होते, म्हणजे ज्या वहाबी सत्तेच्या नावाने ही मोहीम समर्थनीय ठरवली जात होती ती सत्ता जमिनीवर उरलीच नव्हती. ८ जानेवारी १८२० पासून किनाऱ्यावरच्या शेखांच्या सह्या ‘सर्वसाधारण तहा’वर घेण्यात आल्या. चाचेगिरी बंद, जहाजांवर लाल-पांढरा झेंडा, इंग्रजांकडे नोंदणी. शारजा आणि रास अल खैमा यांच्या झेंड्यात आजही तेच दोन रंग आहेत. तहाचे नववे कलम गुलामांचा व्यापार ही लूट आणि चाचेगिरी आहे असे सांगते. हे कलम घालण्यात दुभाषी म्हणून आलेल्या कॅप्टन थॉमस पेरोनेट थॉम्प्सनचा मोठा वाटा होता. हा गृहस्थ आधी सिएरा लिओनचा गव्हर्नर होता, गुलामगिरीचा कडवा विरोधक, अरबी जाणणारा. पुढे इंग्लंडात तो गरिबांच्या बाजूने बोलणारा खासदार झाला. अशा माणसाच्या हातून पुढची शोकांतिका घडली, म्हणून ती जास्त बोचते.

ओमानच्या पूर्व टोकाला, सूर बंदरापासून आत जआलान नावाचा मुलूख आहे. तिथे बनी बू अली ही जमात राहते. त्यांच्या गावात ५२ लहान घुमटांची जुनी मशीद आहे. आजूबाजूचे इबादी, हे मात्र वहाबी मताचे झालेले. मस्कतच्या सय्यद सईदला ते जुमानत नसत. त्यांच्या किनाऱ्यावर एक-दोन लुटीचे प्रकार झाले असा आरोप होता. थॉम्प्सनने पत्र पाठवले, पत्र नेणारा माणूस मारला गेला, आणि थॉम्प्सनने सय्यद सईदबरोबर आत वाळवंटात चाल केली. सईदला बंडखोर प्रजा वठणीवर आणायची होती, थॉम्प्सनला चाचे बुडवायचे होते, आणि दोघांच्या तोंडी शब्द एकच होता: वहाबी.

९ नोव्हेंबर १८२० रोजी बनी बू अली आपल्या खजुराच्या बागांतून तलवारी घेऊन धावून आले. शिपायांच्या ओळी फुटल्या. अडीचशेहून अधिक शिपाई आणि अधिकारी कापले गेले. सय्यद सईदच्या हाताला गोळी लागली. कोकणातल्या, घाटावरच्या कोणत्या कोणत्या गावांत त्या वर्षी चुली विझल्या असतील! ज्या जमातीचे नावही त्यांनी कधी ऐकले नव्हते, तिच्या वस्तीत त्यांची माती झाली. थॉम्प्सनवर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि एवढ्या लहान तुकडीनिशी अविचाराने मोहीम काढली म्हणून त्याला जाहीर ताकीद मिळाली.

मुंबई सरकारला पराभव पचणे शक्य नव्हते. १८२१ च्या सुरुवातीला तिसरी मोहीम निघाली आणि तिचा सेनापती पुन्हा लायोनेल स्मिथ. बनी बू अलींनी सूरच्या किनाऱ्यावरील छावणीवर रात्री छापा घातला. २ मार्चला त्यांच्या गावापुढे लढाई झाली. तलवारीविरुद्ध बंदुका आणि तोफा, तरी ते अंगावर धावून येत राहिले. शेकडो मारले गेले. गढी पडली. मग सय्यद सईदच्या माणसांनी घरे पाडली, खजुराची झाडे तोडली, पाण्याचे पाट मोडले. वाळवंटात पाट मोडणे म्हणजे काय, हे शेती करणाऱ्याला सांगायला नको. दिरईयालाही पाशाने झाडे तोडली होती. आघाडीतल्या दोन टोकांच्या सैन्यांची रीत एकच होती.

जिवंत सापडलेल्यांना, त्यांच्या शेखासह, जहाजात घालून मुंबईला आणले. आजच्या भाषेत हे ‘परदेशी दहशतवादी कैदी’. सुमारे दोन वर्षे ते मुंबईत राहिले. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. पेशवाई बुडवणारा, पण डोके थंड ठेवणारा माणूस. अखेर सरकारलाच या मोहिमेचे ओझे वाटू लागले. कैद्यांना सोडून, घरे पुन्हा उभारायला पैसे देऊन परत पाठवण्यात आले. १८३५ मध्ये हिंदी आरमारातला लेफ्टनंट वेलस्टेड जआलानात गेला. आपण इंग्रज आहोत हे त्याने सांगितले तेव्हा आता जीव जातो असे त्याला वाटायला हरकत नव्हती. उलट सारी वस्ती स्वागताला लोटली, मेजवानी झाली आणि मुंबईहून मिळालेल्या वागणुकीची आठवण काढली गेली. ज्यांना चौदा वर्षांपूर्वी ‘धर्मवेडे’ म्हणून चिरडले होते, ते लोक हे होते. पुण्याजवळच्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या युद्धसन्मानांत मात्र ‘बेनी बू अल्ली’ हे नाव कायम राहिले.

शब्द तिथे संपला नाही. तो मुंबईच्या दप्तरातून हिंदुस्थानात उतरला. सय्यद अहमद बरेलवी १८३१ मध्ये बालाकोटला मारले गेले. त्यांची चळवळ नज्दच्या चळवळीची शाखा नव्हती. तिची मुळे दिल्लीच्या शाह वलीउल्लाह घराण्यात आणि तसव्वुफमध्ये होती. तरीही इंग्रजी कागदांत ते ‘वहाबी’ झाले. १८५७ नंतर पाटण्याचे, अंबाल्याचे खटले याच नावाने चालले, माणसे काळ्या पाण्यावर गेली. विल्यम हंटरने १८७१ मध्ये ‘द इंडियन मुसलमान्स’ या पुस्तकात हिंदी मुसलमान राणीविरुद्ध बंड करायला धर्माने बांधलेला आहे का, असा प्रश्नच विचारला. सर सय्यद अहमद खान यांनी त्याला सविस्तर उत्तर दिले. ते उत्तर आजही वाचण्यासारखे आहे, कारण एका माणसाच्या गुन्ह्यासाठी साऱ्या जमातीची झडती घेण्याची पद्धत त्यात नेमकी पकडली आहे. अखेर १८८० च्या दशकात अहले हदीसच्या मौलाना मुहम्मद हुसेन बटालवींना सरकारकडे अर्ज करावा लागला, की आम्हाला सरकारी कागदात वहाबी म्हणू नका. सरकारने मान्य केले. पण एव्हाना आपापसातल्या भांडणात आपणच तो शब्द उचलला होता. सरकारने सोडला, मोहल्ल्याने धरून ठेवला.

शारजाचे शेख डॉ. सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी हे स्वतः त्या कवासिम घराण्याचे. त्यांनी मुंबईच्या पुराभिलेखागारातली, म्हणजे काळाघोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतली कंपनीची कागदपत्रे वापरून एक्झेटर विद्यापीठात प्रबंध लिहिला आणि तो १९८६ मध्ये ‘द मिथ ऑफ अरब पायरसी इन द गल्फ’ या नावाने प्रसिद्ध झाला. आपल्या पूर्वजांवरचा चाचेगिरीचा आरोप हा व्यापारी मक्तेदारीसाठी रचलेला बनाव होता, असे त्यांचे म्हणणे. त्यानंतर १९९७ मध्ये चार्ल्स डेव्हिस या अभ्यासकाने तीच कागदपत्रे तपासून दाखवले, की चित्र इतके सोपे नाही. जहाजे लुटली गेली होती, माणसे मारली गेली होती, त्यात धर्माचा आवेशही होता, आणि कंपनीने त्याचा पुरेपूर उपयोगही करून घेतला. माझा कल दुसऱ्याकडे आहे. पूर्वजांना वकील मिळाला याचा आनंद होतो, पण वकिलाने लिहिलेला इतिहास शेवटी वकिलाचाच.

हे सारे आज का उकरायचे, असे कोणी विचारील. जून २०१४ मध्ये ‘दाएश’ने मोसूल घेतले आणि खिलाफत जाहीर केली. त्याच्याच आधल्या महिन्यात ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणहून चार तरुण इराकला गेले होते. जुलैत मोसूलमधला हजरत युनूस यांचा रौजा स्फोटाने उडवला गेला. करबल्याच्या दोनशे वर्षांनंतर पुन्हा तोच तकफीर, पुन्हा मुसलमानांचेच रक्त आणि मुसलमानांच्याच जियारतगाहा. याजिदींवर जे ओढवले ते तर लिहवत नाही. २०१५ मध्ये मुंबईतून पुढाकार घेऊन देशभरच्या एक हजाराहून अधिक उलेमांनी दाएशविरुद्ध फतव्यावर सह्या केल्या. त्यात बरेलवी होते, देवबंदी होते, अहले हदीस होते, शियाही होते. मोहल्ल्यात एकमेकांना सलाम न करणारे एका कागदावर आले. वृत्तपत्रांनी त्याला किती जागा दिली ते आठवून पाहावे.

त्या युद्धातही अमेरिकेच्या नेतृत्वाखालील आघाडी होती, आणि २००३ मध्ये नसलेल्या हत्यारांच्या नावाने इराक उद्ध्वस्त करणारी अमेरिकाच ती. विमाने तिची होती. पण मोसूलच्या गल्ल्यांमधून घर न् घर लढत गेले ते इराकी शिपाई, बहुतेक मुसलमान. मोसूल जुलै २०१७ मध्ये सुटले, सीरियातले बागूज हे शेवटचे ठाणे मार्च २०१९ मध्ये पडले. जुन्या मोसूलचा मोठा भाग ढिगाऱ्यात गेला आणि त्या ढिगाऱ्याखाली दाएशने ओलीस धरलेले सामान्य लोकही होते. त्यांना त्यांच्या हयातीत एकाने काफिर ठरवले आणि मेल्यावर दुसऱ्याने दाएशवाले. जआलानच्या पाटांची आठवण मला तेव्हा आली.

पळता पळता दाएशने जून २०१७ मध्ये मोसूलची आठशे वर्षांची नूरी मशीद आणि तिचा झुकलेला मिनार ‘अल हदबा’ उडवून दिला. युनेस्कोने तो पुन्हा उभारला, जुन्या विटा जमतील तितक्या वेचून. २०२५ मध्ये मशीद पुन्हा उघडली. या कामाचा मोठा खर्च संयुक्त अरब अमिरातीने दिला. त्या सात अमिरातींपैकी एक रास अल खैमा आहे.